लाइन कुणी सोडवली

मशीनरूममध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर तिच्याच खात्यात होता, तो वहिनी म्हणून हाक मारायचा आणि ऐकून ऐकून बाकीच्यांनीही तीच हाक उचलली. आधी ऑपरेटर मंडळींनी, मग वॉर्डातल्या सिस्टरांनी, शेवटी खुद्द अधीक्षकांनी. "वहिनींना फोन लावा," असं एवढ्या मोठ्या इस्पितळाचे अधीक्षक घाईघाईनं म्हणाले की नव्या माणसाला वाटायचं, साहेबांच्या घरी काहीतरी बिनसलंय.

बिनसलेली असायची एखादी लाइन. मशीन स्वतः तळघरातल्या थंड खोलीत कपाटासारखं उभं असायचं, दिवसभर गुरगुरायचं आणि सहसा ठणठणीत असायचं. त्याच्यापासून निघालेल्या तारा जिन्याच्या कडेकडेनं वर चढून साऱ्या इमारतीत पसरल्या होत्या. वॉर्डात, लॅबमध्ये, औषधांच्या खिडकीत, बिलाच्या काउंटरवर, जिथे जिथे तार पोचली होती तिथे एक पडदा आणि एक कीबोर्ड. त्या पडद्यांना स्वतःची अक्कल नव्हती. जे काय चालायचं ते खाली चालायचं. अशी एकेक तार म्हणजे एक लाइन, आणि लाइन अडकली की त्या टेबलावरचं काम ठप्प.

"वहिनी, आमचं मशीन मेलं हो!" असा फोन यायचा.

"मेलं नाही. आधी कीबोर्डवर काय ठेवलंय ते उचला."

"काही नाही ठेवलेलं." मग काहीतरी सरकवल्याचा आवाज. "फाइल होती. उचलली."

"आता कंट्रोल दाबून धरा आणि क्यू दाबा."

"आलं! वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे."

हात तिचा तळघरात आणि गुण तिसऱ्या मजल्यावर. ती हसायची. अडकलेल्या लाइनींपैकी निम्म्या अशाच असायच्या, कुणाचा तरी कोपर भलत्या बटणावर पडून पडदा थांबलेला. उरलेल्या मात्र खऱ्या अडकलेल्या. कुणी काम अर्धवट टाकून पडदा बंद करून निघून जायचं. मशीनला वाटायचं, माणूस अजून बसलेलाच आहे, आणि ते दुसऱ्याला आत घ्यायला तयार नसायचं. मग वहिनी आपल्या पडद्यावर त्या लाइनीवर कोण आहे ते बघायची, त्याला शोधून फोन करायची, "तुमचं काही लिहायचं राहिलंय का?" असं विचारायची, आणि त्याचं हो की नाही कळल्यावरच त्याचं काम बंद करून लाइन नव्यानं चालू करायची. याला ते लोक लाइन सोडवणं म्हणत. लाइन सोडवली की त्यावर जे काही अर्धं टाइप केलेलं असेल ते गेलं. कुठे गेलं असं विचारायची सोय नव्हती. म्हणून आधी फोन. पलीकडे डॉक्टर खेकसत असू दे, काउंटरवर रांग दारापर्यंत गेलेली असू दे, वहिनी आधी फोन करायची. "वहिनींचा फोन म्हणजे डोक्याला ताप," असं काही जण म्हणत. म्हणोत बापडे.

दिराला या खात्यात तिनंच आणलं होतं. तो हिशेब विभागात कंटाळला होता, घरी येऊन कुरकुर करायचा, आणि सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. बघ ना त्याचं काही." तिनं बघितलं. त्याला शेजारी बसवून शिकवलं. शिकण्यात तो फार पुढे गेला नाही, पण बोलण्यात गेला. मीटिंगमध्ये कुठे मान डोलवायची, कुठे "बघतो सर" म्हणायचं, हे त्याला उपजतच येत होतं. बघता बघता तो खात्याचा प्रमुख झाला, तूर्तास प्रोबेशनवर. वहिनी त्याच्या हाताखाली आली. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं दप्तर तीच भरायची. घरचं पोर मोठं झालं, असंच तिनं मानलं.

लाइन सोडवायचा अधिकार मशीनमध्ये फक्त ऑपरेटरांना होता, आणि त्यासाठी ज्याचा त्याचा पासवर्ड लागायचा. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनीनं रजा घेतली आणि त्यांच्या उशाशी बसली. तेव्हा एक दिवस दिराचा फोन आला. दुसरा ऑपरेटर आजारी, दोन काउंटर बंद, आता काय करू? तिनं फोनवरच त्याला आपला पासवर्ड सांगितला. कामावर परत आल्यावर तो बदलायचा, असं तिच्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी दुपारी वहिनी लहान मुलांच्या वॉर्डात होती. तिथल्या लाइनीचा जोड सैल झाला होता. ती टेबलाखाली शिरून, पदर खोचून, स्क्रू पिळत होती. वॉर्डच्या सिस्टर वरून टॉर्च धरून उभ्या होत्या आणि एक पोरगं कॉटवरून वाकून विचारत होतं, "मावशी, तुम्ही लपलात का?"

त्याच वेळी बिलाच्या काउंटरची लाइन अडकली. रांगेत आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी थेट अधीक्षकांकडे गेलं आणि अधीक्षकांनी दिराला फोन केला. मशीनरूममध्ये दीर एकटाच होता. वहिनीला बोलवायला कुणाला तरी वर पाठवावं, एवढाही धीर त्याला धरवला नाही. अधीक्षकांचा आवाज कानात होता. त्यानं वहिनीच्या नावानं आत शिरून लाइन सोडवायला घेतली. एकच सोडवायची होती. ती नेमकी कुठली, ते बघायला वेळ लागत होता. मशीनमधल्या एकेका कार्डावर आठ-आठ लाइनी जोडलेल्या असत, काउंटरचं कार्ड कुठलं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं अख्खं कार्डच नव्यानं चालू केलं. फोन कुणालाच केला नाही. काउंटर सुरू झाला, रांग हलली, अधीक्षकांचा पुन्हा फोन आला, "शाब्बास."

त्या कार्डावरच्या बाकीच्या सात लाइनींमधली एक पुरुषांच्या वॉर्डाची होती. तिथे एक सिस्टर डॉक्टरांनी सांगितलेला बदल टाइप करत होत्या: एका रोग्याचं रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन आजपासून बंद. शेवटचं बटण दाबायच्या बेतात असताना पडदा कोरा झाला आणि पुन्हा नाव विचारू लागला. सिस्टरना वाटलं, बटण दाबलं गेलं, काम झालं. तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरून हाक आली आणि त्या धावल्या. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरनी पडदा बघितला, त्यावर जुनंच लिहिलेलं होतं, त्यांनी इंजेक्शन दिलं. रोगी शिंपी होता. पायाच्या दुखण्यासाठी आला होता, दोन दिवसांत घरी जायचा होता. रात्रीतून त्याच्या डोक्यात रक्तस्राव झाला. जीव वाचला. उजवा हात गेला तो गेलाच. बोलणं कालांतरानं परत आलं, पण जड, शब्द चाचपडत.

चौकशी बसणार हे दुसऱ्या दिवशीच कळलं. लाइनी कुणी सोडवल्या हे मशीनमध्ये नोंदलेलं होतं आणि तिथे वहिनीचं नाव होतं.

तिनं केबिनचं दार लावून घेतलं आणि दिरासमोर उभी राहिली. "भाऊजी, हे काय आहे?"

तो रडायला लागला. तिला वाटलं होतं तो नाकारेल, उलट बोलेल. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "वहिनी, माझं डोकंच चालेना हो. साहेब ओरडत होते. मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय? पण जाऊन सांगा तरी, तुम्ही केलं म्हणून."

"सांगतो," तो म्हणाला. "आज संध्याकाळी घरी बोलू, मग सांगतो."

संध्याकाळी सगळे सासूबाईंच्या खोलीत जमले. वेगळं बिऱ्हाड केलेले दीर आणि जाऊ, वहिनी आणि तिचा नवरा. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. कमी बोलणारा माणूस, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा आणि घरी आल्यावर कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. बोलायला सुरुवात जावेनं केली.

"वहिनी, यांची नोकरी अजून पक्की नाही. उद्या सांगितलं तर परवा घरी बसवतील. माझी दोन्ही लहान आहेत."

"आणि तुमचं तसं नाही," दीर घाईनं म्हणाला. "तुमची इतक्या वर्षांची नोकरी, एक डाग नाही. तुम्हाला काढणार नाहीत. फार तर ताकीद देतील, बदली करतील. मी आतून बघतो ना सगळं."

"म्हणजे मी म्हणायचं, मी केलं?"

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांचे हात नेहमी गार असत. "मी तुला आजवर काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. हे खरं नव्हतं, त्या बारीकसारीक काहीतरी रोज मागत असत. पण त्या वेळी ते कुणाला आठवलं नाही. "तू या घरातली मोठी आहेस. मोठ्यानं सांभाळून घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं?"

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही बोला की काहीतरी."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला.

हे वाक्य तिनं पुढे पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं. त्या क्षणी मात्र तिला ते आधारासारखं वाटलं. तिनं विचार केला: बाहेर काय ते होईल, पण घरात तरी सगळ्यांना खरं माहीत आहे. या खोलीतली माणसं हे विसरणार नाहीत. एवढं पुरे.

चौकशीत तिनं सांगितलं की घाईत तिच्या हातून कार्ड नव्यानं चालू झालं, फोन करायचा राहिला. समितीतल्या एका डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "तुम्ही? तुम्ही तर आम्हाला फोन करकरून वैताग आणता."

"त्या दिवशी राहिला," ती म्हणाली.

लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर आदल्या दिवशी तिला जिन्यात गाठून म्हणाल्या होत्या, "अहो वहिनी, त्या वेळी तर तुम्ही माझ्या टेबलाखाली होतात. मी सांगते ना त्यांना." वहिनीनं त्यांचे दोन्ही हात धरले. "सिस्टर, तुम्हाला माझी शपथ. मी तुमच्याकडे सकाळी आले होते, दुपारी नाही, असं सांगा." सिस्टरनी हात सोडवून घेतले. पण चौकशीत त्यांनी तसंच सांगितलं आणि खाली सहीसुद्धा केली.

नोकरी गेली नाही. दीर म्हणाला होता तसंच झालं. तिची मशीनरूममधून बदली झाली, पासवर्ड काढून घेतला गेला, बढती कायमची थांबली. तिला मुख्य दारापाशी चौकशीच्या खिडकीत बसवलं. क्ष-किरण विभाग कुठे, चप्पल कुठे काढायची, आमचा रोगी कुठल्या वॉर्डात आहे, हे दिवसभर सांगायचं. खिडकीत तिच्यापुढेही एक पडदा होता. आता तिची लाइन अडकली की तिलाच तळघरात फोन करावा लागे. तिथे बसलेला नवा ऑपरेटर तिनं कधी पाहिलेला नव्हता.

"कीबोर्डवर काही ठेवलंय का, मावशी?" तो विचारायचा.

"नाही. कंट्रोल क्यू करून झालं. माझ्याआधी जो बसला होता त्याचं काम अडकून राहिलंय. ते बंद करा."

"तुम्ही त्यात नका पडू. साहेबांना विचारून करतो. थांबा जरा."

ती थांबायची. समोर माणसं ताटकळत असायची, आणि तिला बोटांच्या टोकापर्यंत माहीत असायचं की हे काम किती छोटं आहे.

पहिले काही महिने घरात तिची फार वास्तपुस्त झाली. जाऊ स्वतःच्या हातानं काहीबाही करून डबे पाठवायची. दीर दर रविवारी यायचा, तिच्यासमोर मान खाली घालून बसायचा. मग त्याची नोकरी पक्की झाली. मग यायचं कमी झालं. आलाच तर मान खाली नसायची. काम किती वाढलंय, खालची माणसं कशी बेजबाबदार आहेत, असलं बोलायचा. एकदा सासूबाई बोलता बोलता शेजारणीला म्हणाल्या, "हिच्या हातून ते झालं ना, तेव्हापासून धाकट्याला एकट्यालाच सगळं निस्तरावं लागतं बघा." वहिनी ताटं पुसत होती. तिला वाटलं, शेजारीण आहे म्हणून बोलल्या असतील. शेजारीण गेल्यावर तिनं विचारलं, "आई, माझ्या हातून काय झालं?"

"अगं, ते शिंप्याचं."

"ते माझ्या हातून झालं?"

सासूबाई गोंधळल्या. आठवायचा प्रयत्न करावा तसं त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग चिडल्या. "पासवर्ड तूच दिला होतास ना? मग? झालं गेलं आता. कशाला उकरून काढतेस?"

मुलगी बाहेरगावी होस्टेलला होती. तिला यातलं काही सांगायचं नाही असं तेव्हा ठरलं होतं. पोरीच्या डोक्याला कशाला ताप. सुटीत ती आली तेव्हा काकाच्या घरी जाऊन आली आणि रात्री आईजवळ बसून म्हणाली, "आई, एक विचारू? तू तर म्हणायचीस, आधी फोन करायचा म्हणजे करायचाच. मग त्या दिवशी का नाही केलास?" तिच्या आवाजात राग नव्हता. कीव होती. वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. पेपर जरा वर सरकला एवढंच.

"दमले होते," वहिनी म्हणाली.

पुढच्या वर्षी इस्पितळात सगळ्या काउंटरवाल्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं. यायलाच हवं असं होतं. मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी मागच्या रांगेत बसली. दोन खुर्च्या सोडून लहान मुलांच्या वॉर्डातल्या त्याच सिस्टर होत्या. शिकवायला दीर उभा राहिला. छान बोलला. कंट्रोल क्यूचा किस्सा सांगितला, कीबोर्डवरच्या फायलीचा सांगितला, लोक खळखळून हसले. ते सगळे किस्से तिचे होते. मग त्यानं आवाज खाली आणला.

"आता एक गंभीर गोष्ट. आपल्याकडे एक घटना घडली. फोन न करता लाइनी सोडवल्या गेल्या आणि एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. ज्यांच्या हातून झालं त्या अत्यंत अनुभवी. माझ्या घरातल्याच. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. पण चूक कुणाकडूनही होऊ शकते. त्या दिवशी मी वर होतो, दोन मिनिटं आधी खाली पोचलो असतो तर मी त्यांचा हात धरला असता. मला आजही झोप लागत नाही."

त्याचे डोळे भरून आले होते. वहिनीनं ते डोळे बघितले. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. खोटं बोलताना त्याच्या मानेवर लाली चढायची. मान स्वच्छ होती. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो आता त्या दिवशी मशीनरूममध्ये नव्हताच.

ती उभी राहिली. खुर्चीचा आवाज झाला तशा माना वळल्या.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या वेळी मी कुठे होते?"

"वहिनी, प्लीज. तुमच्यावर ठपका ठेवायचा म्हणून नाही सांगितलं मी."

"मी विचारतेय ते सांगा. मी कुठे होते?"

"मशीनवर," तो म्हणाला. अगदी हळुवारपणे, आजारी माणसाला सांगावं तसा.

"मी लहान मुलांच्या वॉर्डात टेबलाखाली होते. मशीनवर तुम्ही होतात. माझा पासवर्ड घालून अख्खं कार्ड तुम्ही उडवलंत. सिस्टर, सांगा ना यांना. टॉर्च तुमच्या हातात होता."

सिस्टरनी मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला. त्यांच्या ओठांची चाळवाचाळव झाली. वहिनीला कळलं, त्या काय विचार करताहेत. सही. चौकशीत केलेली सही. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. आणि ती सही करायला शपथ कुणी घातली होती?

"मला आठवत नाही," सिस्टर जमिनीकडे बघत म्हणाल्या. "सकाळी आल्या होत्या बहुतेक."

कुणीतरी मागे खोकलं. कुणीतरी "पाणी द्या त्यांना" म्हणालं. दीर मंचावरून उतरून तिच्याजवळ आला, खांद्याला हात न लावता हात तसाच अधांतरी धरून उभा राहिला. "बसा वहिनी. बसा. मी समजू शकतो."

ती बसली नाही. पर्स उचलली आणि खिडकीत जाऊन कामाला लागली.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. नवरा दारातच म्हणाला, "चार लोकांसमोर? काय मिळवलंस?"

"तुम्हाला तर माहीत आहे ना, कुणी केलं ते?"

"माझ्या माहीत असण्याचा प्रश्न कुठे येतो?"

"एकदा म्हणा. दार लावते हवं तर. एकदा तोंडानं म्हणा, की तू केलं नाहीस."

तो म्हणाला, "तू कबूल केलंस ना सगळ्यांपुढे? मग आता मी काय म्हणू?" आणि आत जाऊन दिवा लावला.

त्यानंतर तिनं दिराच्या घरी जाणं सोडलं. मुलीला मात्र एका सकाळी तिनं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. मुलीनं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" आणि वहिनीला दिसलं की पोरीचा विश्वास बसलाय की नाही, हे पोरीलाही नक्की सांगता येत नव्हतं.

राहिला शिंपी. तो व्यायामासाठी इस्पितळात यायचा, बायकोच्या खांद्यावर डावा हात टाकून. वहिनीच्या खिडकीशी येऊन त्याची बायको नंबर घ्यायची. वहिनी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. चौकशीतलं नाव त्यांनी ऐकलं होतं, आणि इस्पितळात ते नाव कुणीच वापरत नव्हतं. एक दिवस सुटी घेऊन ती त्यांच्या घरी गेली. रस्त्याला लागून खोली होती. शिलाई मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, त्यावर चादर. शिंपी खुर्चीत बसून डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता.

"तुम्ही खिडकीतल्या ना?" बायको म्हणाली. "या, बसा."

वहिनीनं आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं. बायकोनं पुढे केलेला पाण्याचा पेला तसाच मागे घेतला. मग वहिनीनं बाकीचं सांगितलं. लाइनी कुणी सोडवल्या, तिनं काय म्हणून आपल्यावर घेतलं, घरात काय झालं. बोलताना ती रडली नाही. सगळं क्रमानं सांगितलं.

शिंपी ऐकत राहिला. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "रोज सकाळी. हात उघडतो. दुखतं. तेव्हा तुमचं नाव घेतो. शिव्या देतो. मग उघडतो हात."

वहिनी त्या बोटांकडे बघत होती.

"आता काय करू? दुसरं नाव... नव्यानं पाठ करू? तेवढा जीव नाही माझ्यात."

"मला वाटलं, तुम्हाला खरं कळायला हवं," ती म्हणाली.

"कुणासाठी?" बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. "तुमच्या दिराची नोकरी वाचवायची होती तेव्हा तुम्हाला आम्ही आठवलो नाही. आम्ही खोटं ऐकलं तरी तुमचं चालत होतं. घरचे उलटले तेव्हा आम्ही आठवलो. खरं सांगून तुम्ही हलक्या झालात. यांचा हात हलका झाला का?"

"नाही."

"मग जा आता. त्यांची व्यायामाची वेळ झालीय."

ती उठली. दारापर्यंत कुणी आलं नाही. रस्त्यावर दुकानं उघडत होती, एक माणूस फळीवर पाणी मारत होता, त्यानं तिला वाट दिली.

दिराविरुद्ध पुढे काही झालं नाही. अधीक्षकांनी तिला एकदा बोलावून विचारलं, की तुम्ही आता जे म्हणताय ते खरं असेल तर चौकशीत खोटं बोललात असा अर्थ होतो, तसं लिहून देणार का? तिनं देते म्हटलं. ते जरा वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "राहू द्या वहिनी. सगळ्यांनाच त्रास." दीर वर्षाअखेरीस उपअधीक्षक झाला. सासूबाई धाकट्याकडे राहायला गेल्या. नवरा दर रविवारी आईला भेटायला जातो, येताना काही बोलत नाही, तीही विचारत नाही.

शिंप्याचं इस्पितळात येणं चालूच आहे. चौकशीच्या दोन खिडक्या आहेत. वहिनीच्या खिडकीपुढे सकाळी फारसं कुणी नसतं. दुसरीपुढे रांग असते, कारण तिथला माणूस नवा आहे आणि सावकाश काम करतो. शिंप्याची बायको नवऱ्याला घेऊन आत येते, वहिनीच्या रिकाम्या खिडकीवरून पुढे जाते आणि त्या लांब रांगेच्या शेवटी त्याला धरून उभी राहते.